चार्ल्स कूपर : एका साथीदाराचे चरित्र

मैफलीला बसलेल्या श्रोत्यांचे डोळे गायकावर असतात. तबल्याकडे ते वळतात ते बहुधा समेपुरते आणि सारंगीकडे गायक श्वास घेण्यासाठी थांबला म्हणजे. परंतु ठेका क्षणभर जरी डळमळला, तरी सारी बैठक कशी विसकटते हे आपल्याकडच्या जुन्या मंडळींना सांगावयास नको. साथ ही कमी प्रतीची विद्या नव्हे. मात्र साथीदारांतही दोन प्रकार असतात. एकाने साथ हीच आपली विद्या म्हणून आपखुशीने पत्करलेली असते. दुसऱ्याच्या गळ्यात गाणे असते, पण त्याला मध्यभागी बसू द्यावयाचे नाही असे कोणीतरी आधीच ठरवून टाकलेले असते. पंचाईत अशी की, समोर बसून ऐकणाऱ्याला दोघांचा ठेका सारखाच ऐकू येतो.

अमेरिकेतील बास्केटबॉलपटू चार्ल्स हेन्री कूपर यांच्या चरित्राचे मर्म या भेदात साठविलेले आहे. चक कूपर या सुटसुटीत नावाने ते तिकडे प्रसिद्ध आहेत. व्यावसायिक बास्केटबॉलच्या राष्ट्रीय संघटनेत, म्हणजे एन. बी. ए.मध्ये, वार्षिक निवडीच्या वेळी ज्याचे नाव पुकारले गेले असे पहिले कृष्णवर्णीय खेळाडू ते होत. इतिहासाने त्यांची नोंद घेतली ती या एका घटनेमुळे. नाव पुकारल्यानंतर सहा हंगाम त्यांनी मैदानावर कोणते काम केले, आणि तेच काम त्यांच्या वाट्याला का आले, याची चर्चा त्या मानाने फार थोडी झाली.

कूपर यांचा जन्म २९ सप्टेंबर १९२६ रोजी पेनसिल्व्हेनिया राज्यातील पिट्सबर्ग येथे झाला. पोलादाच्या भट्ट्यांचे हे शहर. वडील टपालखात्यात पत्रे वाटण्याचे काम करीत आणि आई शिक्षिका होती. घरात श्रीमंती नसली तरी अक्षरांची किंमत होती, आणि तिचा उपयोग या मुलाला पुढे खेळापेक्षाही अधिक व्हावयाचा होता. वेस्टिंगहाउस हायस्कुलातून १९४४ मध्ये ते शालान्त झाले. उंची सहा फूट पाच इंच, बांधा भरदार. शाळेच्या संघात मधल्या जागेवर खेळताना शहरातील उत्तम खेळाडूंत त्यांची गणना होऊ लागली होती. पुढे वेस्ट व्हर्जिनिया स्टेट या कृष्णवर्णीयांच्या महाविद्यालयात ते काही काळ होते. इतक्यात सैन्यभरतीचे बोलावणे आले आणि १९४५-४६ मध्ये त्यांनी आरमारात नोकरी केली. परत आल्यावर आपल्याच गावच्या डुकेन विद्यापीठात त्यांनी नाव घातले. हे कॅथलिक धर्मगुरूंनी चालविलेले विद्यापीठ होते आणि बास्केटबॉलमध्ये त्याचा दबदबा होता.

तेथे पहिल्याच वर्षी एक प्रसंग घडला. डिसेंबर १९४६ मध्ये, नाताळ दोन दिवसांवर आला असताना, दक्षिणेकडील टेनेसी विद्यापीठाचा संघ पिट्सबर्गजवळच्या मॅकीझपोर्ट येथे डुकेनशी सामना खेळावयास आला. प्रेक्षक जागा धरून बसले होते. डुकेनच्या संघात एक काळा मुलगा आहे हे समजताच, त्याला मैदानात उतरविणार नाही असे वचन द्या, तरच आम्ही खेळू, अशी अट टेनेसीच्या प्रशिक्षकांनी घातली. असे वचन देण्यास डुकेनने नकार दिला. टेनेसीचा संघ न खेळताच निघून गेला आणि प्रेक्षकांनाही घरी परतावे लागले. कूपर त्या वेळी वीस वर्षांचे होते आणि संघात अगदी नवखे. एका नवख्या मुलासाठी विद्यापीठाने ठरलेला सामना सोडला, ही गोष्ट त्या काळी साधी नव्हती.

चार वर्षांत डुकेनने ७८ सामने जिंकले आणि १९ गमावले. न्यूयॉर्कला भरणाऱ्या प्रतिष्ठेच्या निमंत्रितांच्या स्पर्धेत हा संघ दोनदा गेला. कूपर यांनी या काळात ९९० गुण मिळविले, शेवटच्या वर्षी ते संघाचे कप्तान झाले आणि देशातील निवडक महाविद्यालयीन खेळाडूंच्या यादीत त्यांचे नाव आले. महाविद्यालयात ते साथीदार नव्हते, मुख्य कलाकार होते. पुढचे समजण्यासाठी एवढे ध्यानात ठेवले पाहिजे.

आता त्या वेळच्या व्यावसायिक बास्केटबॉलची स्थिती पाहू. बेसबॉलमध्ये जॅकी रॉबिन्सन यांनी १९४७ मध्येच वर्णभेदाची भिंत ओलांडली होती. बास्केटबॉलच्या मोठ्या संघटनेत मात्र १९५० उजाडले तरी एकही कृष्णवर्णीय खेळाडू नव्हता. तसा लेखी नियम कोठेही नव्हता. नियम नसताना पाळली जाणारी बंदी ही नियमापेक्षा अधिक चिवट असते. तिच्यामागे द्वेष होता तसा हिशेबही होता. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स नावाचा एक फिरता संघ त्या काळी अतिशय लोकप्रिय होता. त्यातील खेळाडू सारे कृष्णवर्णीय आणि मालक एब सेपरस्टीन हे गोरे. खेळाला विनोदाची व हातचलाखीची जोड देऊन हा संघ गावोगाव गर्दी खेचीत असे. नव्या संघटनेच्या मालकांची सभागृहे त्यांच्या स्वतःच्या सामन्यांनी भरत नसत, म्हणून ते आपल्या सामन्याला जोडून ग्लोबट्रॉटर्सचा सामना ठेवीत आणि त्या गर्दीवर गल्ला भरीत. उत्तम काळे खेळाडू आपल्याकडेच यावेत अशी सेपरस्टीन यांची इच्छा होती आणि ती मोडण्याची कोणा मालकाची छाती नव्हती. खुद्द कूपरही शिक्षण संपताच काही काळ या फिरत्या संघातून खेळले होते.

२५ एप्रिल १९५० रोजी शिकागो येथे संघटनेच्या मालकांची बैठक भरली. महाविद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या खेळाडूंची वाटणी येथे होत असे. एकेका संघाने पाळीपाळीने एकेक नाव पुकारावयाचे. दुसऱ्या फेरीत बोस्टन सेल्टिक्सचे मालक वॉल्टर ब्राउन यांची पाळी आली आणि त्यांनी डुकेनच्या चार्ल्स कूपर यांचे नाव घेतले. खोलीत शांतता पसरली. हा मुलगा काळा आहे याची एका मालकाने त्यांना जाणीव करून दिली. कातडीवर पट्टे असोत, चौकडी असो की ठिपके असोत, मला त्याच्याशी कर्तव्य नाही, मुलगा खेळतो की नाही एवढेच मी पाहतो, अशा अर्थाचे तिखट उत्तर ब्राउन यांनी दिले. सेल्टिक्स हा त्या वेळी तळाशी गेलेला आणि तोट्यात चाललेला संघ होता. तो जगविण्यासाठी ब्राउन यांनी स्वतःचे घर गहाण टाकले होते. सेपरस्टीन संतापले आणि आपला संघ पुन्हा बोस्टनला आणणार नाही अशी धमकी त्यांनी दिली. ब्राउन यांनी तीही मोजली नाही. ब्राउन यांनी हे धैर्य दाखविले नसते, तर ते दार आणखी काही काळ बंदच राहिले असते, असे कूपर आयुष्यभर कृतज्ञतेने सांगत आले.

त्याच बैठकीत पुढे वॉशिंग्टनच्या संघाने अर्ल लॉइड यांना निवडले, आणि न्यूयॉर्कच्या निक्सनी नॅट क्लिफ्टन यांच्याशी करार केला. ३१ ऑक्टोबर १९५० रोजी लॉइड मैदानात उतरले, दुसऱ्या दिवशी कूपर आणि त्यानंतर तीनच दिवसांनी क्लिफ्टन. म्हणून निवडीचा पहिला मान कूपर यांचा आणि प्रत्यक्ष खेळण्याचा लॉइड यांचा. या मानापानात कूपर कधी पडले नाहीत. जॅकी रॉबिन्सन यांना एकट्याने जे सोसावे लागले त्याच्याशी आपली तुलना करू नये, कारण आपण तिघे होतो, असे त्यांचे म्हणणे असे.

१ नोव्हेंबर १९५० रोजी फोर्ट वेन येथे सेल्टिक्सचा हंगामातील पहिला सामना झाला. त्या दिवशी बोस्टनसाठी तिघेजण नवे होते. प्रशिक्षक रेड ऑरबाक, चेंडू खेळविण्यात पुढे अद्वितीय ठरलेले बॉब कूझी, आणि कूपर. पहिल्या दोघांच्या नावाने पुढे बोस्टनमध्ये एक युग ओळखले गेले. तिसऱ्याच्या वाट्याला निराळे काम आले.

हे काम कोणते ते थोडे उलगडून सांगितले पाहिजे. बास्केटबॉलमध्ये एका बाजूला पाच खेळाडू असतात. प्रेक्षक टाळ्या देतात ते टोपलीत चेंडू टाकणाऱ्याला. पण नेम चुकून फळीवर आदळलेला चेंडू घोळक्यात उडी मारून कोणीतरी मिळवावा लागतो; नाहीतर तो प्रतिपक्षाचा होतो. प्रतिपक्षाच्या सर्वांत दांडग्या खेळाडूच्या अंगाला अंग लावून त्याला टोपलीपासून दूर ठेवावे लागते. आपल्या नेमबाजाला क्षणभर उसंत मिळावी म्हणून त्याच्या पाठलाग करणाऱ्यापुढे भिंतीसारखे उभे राहावे लागते. या कामात कोपर लागतात, बरगड्या दुखावतात, नियमभंगाच्या शिट्ट्या आपल्या नावावर जमा होतात आणि दुसऱ्या दिवशीच्या वर्तमानपत्रात यांतील एकाही गोष्टीचा आकडा छापून येत नाही. कूपर यांच्याकडे आली ती ही कामगिरी. समोरच्या संघाचा सर्वांत आडदांड गडी त्यांनी धरावयाचा, परतलेला चेंडू त्यांनी मिळवावयाचा आणि तो कूझींच्या हाती द्यावयाचा. पुढची करामत कूझींची.

पहिल्या हंगामात ते ६६ सामने खेळले. सामन्यामागे सरासरी ९.३ गुण आणि ८.५ परतलेले चेंडू ही त्यांची कमाई होती. आदल्या वर्षी २२ सामने जिंकणाऱ्या बोस्टनने त्या वर्षी ३९ जिंकले. या चढतीचे श्रेय ऑरबाक आणि कूझी यांना मिळाले आणि ते योग्यही होते. परंतु ठेका धरणारा कोण होता हेही विसरून चालणार नाही.

मैदानाबाहेरची हकीकत याहून कडू होती. संघ ज्या हॉटेलात उतरे तेथे त्यांना खोली मिळेलच असे नसे; ज्या खाणावळीत इतर जेवत तेथे त्यांना ताट मिळेलच असे नसे. उत्तर कॅरोलिना राज्यातील रॉली येथे एक प्रदर्शनीय सामना झाला. तेथील हॉटेलने कूपर यांना ठेवून घेण्यास नकार दिला. तेव्हा त्यांनी रात्रीच्या गाडीने न्यूयॉर्कला निघून जावे असे ठरले. कूझी आपण होऊन त्यांच्याबरोबर निघाले. गाडीची वाट पाहत दोघे स्टेशनवर उभे होते, तेव्हा शौचालयांवर गोऱ्यांसाठी आणि काळ्यांसाठी अशा वेगवेगळ्या पाट्या कूझींच्या दृष्टीस पडल्या. कूझी हे फ्रान्समधून आलेल्या गरीब आईबापांचे पोर, न्यूयॉर्कच्या चाळीत वाढलेले. मित्राला काय बोलावे ते त्यांना सुचेना आणि गोरा असल्याची लाज वाटली, असे ते पुढे वृद्धपणीही सांगत असत. कूझींच्या मनात वर्णाची अढी तिळमात्र नव्हती, अशी साक्ष कूपर यांनीही दिलेली आहे.

याखेरीज प्रेक्षकांतून येणारे शब्द होते आणि कधीकधी प्रतिस्पर्ध्यांच्या तोंडूनही ते येत. इलिनॉय राज्यातील मोलिन येथे एका सामन्यात प्रतिपक्षाच्या खेळाडूने रंगावरून शिवी दिली. एरवी शांत असणारे कूपर त्या वेळी त्याच्या अंगावर गेले आणि दोन्ही संघांत हातघाई जुंपली. ऑरबाक आपल्या खेळाडूच्या बाजूने उभे राहिले. सहा वर्षांत सोसलेल्या बोलण्याच्या मानाने असे प्रसंग फारच थोडे घडले, यावरून त्या माणसाच्या संयमाची कल्पना यावी.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. पहिल्या वर्षीच्या ९.३ गुणांच्या सरासरीपर्यंत कूपर पुन्हा कधी पोहोचले नाहीत. वर्षामागून वर्ष ती उतरत गेली आणि बोस्टनमधील चौथ्या हंगामात साडेतीनच्याही खाली आली. वरवर पाहणारा म्हणेल की, महाविद्यालयात शोभणारा खेळाडू व्यवसायात तोकडा पडला. असे पुष्कळांचे होते. व्यावसायिक संघात प्रत्येकजण आपापल्या कॉलेजचा राजाच असतो, आणि पाचांपैकी तिघांना तरी मुकुट काढून ठेवावा लागतो. बोस्टनमध्ये कूझी होते, उंच एड मॅकॉली होते, पुढे अचूक नेमाचे बिल शार्मन आले. गुण मिळविण्यास माणसे होती. कष्ट उपसण्यास हवी होती. तेव्हा प्रशिक्षकांनी योग्य माणसास योग्य काम दिले असेही म्हणता येईल.

कूपर यांचे स्वतःचे मत मात्र वेगळे होते आणि निवृत्तीनंतर ते त्यांनी आडपडदा न ठेवता मांडले. आपल्याला आपला खेळ खेळू दिला गेला नाही, असे ते म्हणत. गोऱ्या खेळाडूला जी मोकळीक मिळे ती आपल्याला नव्हती. काळ्याने दांडग्यांना अडवावे, चेंडू मिळवावा आणि तो दुसऱ्याच्या हाती द्यावा, पण प्रेक्षकांचे डोळे आपल्यावर खिळतील असे काही करू नये, अशीच त्या काळची अपेक्षा होती. पहिली दहा वर्षे काळ्याला दारातून आत घेतले, परंतु दिवाणखान्याच्या मध्यभागी बसविले नाही. पदरी पडले ते पवित्र मानून त्यांनी काम चोख केले. ते पवित्र होते असे मात्र ते कधी म्हणाले नाहीत.

त्यांच्या म्हणण्याला पुष्टी देणारी एक गोष्ट आहे. १९५४ मध्ये बोस्टनने त्यांना मिलवॉकीच्या हॉक्स संघाकडे पाठविले. तेथे त्यांची सरासरी एकदम दुपटीहून वर जाऊन आठांच्या पुढे गेली. हात तेच, वय एक वर्षाने वाढलेले. बदलली होती ती फक्त बैठक. तरीही एवढ्यावरून निकाल देता येत नाही, कारण हॉक्स हा त्या वेळी आपल्या गटात तळाला असलेला संघ होता आणि तळाच्या संघात कोणासही अधिक संधी मिळते. खरे सांगावयाचे तर हा निकाल आता कोणीच देऊ शकणार नाही, आणि कूपर यांच्यावरील अन्याय नेमका हाच आहे. ज्याला संधी देऊन पाहिले आणि तो हरला, त्याचे माप निदान झालेले असते. ज्याला आधीच कोपऱ्यात बसविले, त्याचे माप कायमचे राहून जाते. त्याला कमी ठरविणारा आणि त्याची थोरवी गाणारा, दोघेही अंदाजच करीत असतात.

हॉक्स संघ १९५५ मध्ये सेंट लुइसला गेला. त्या हंगामाच्या मध्यावर कूपर तेथून सुटून फोर्ट वेनच्या पिस्टन्समध्ये आले. ज्या गावी त्यांनी पहिला सामना खेळला होता त्याच गावच्या संघातून १९५६ मध्ये त्यांची कारकीर्द संपली. त्या वर्षी हा संघ अंतिम लढतीपर्यंत पोहोचला आणि फिलाडेल्फियाकडून पराभूत झाला. सहा हंगाम, ४०९ सामने, २७२५ गुण, २४३१ परतलेले चेंडू, सामन्यामागे ६.७ गुण आणि ५.९ चेंडू. ज्या वर्षी ते गेले त्याच वर्षाच्या अखेरीस बिल रसेल बोस्टनच्या संघात आले. रसेलही अडविणारे आणि चेंडू मिळविणारेच होते, परंतु त्यांच्या काळी त्याच कामाला संघाचा कणा मानले गेले. तेरा वर्षांत बोस्टनने अकरा वेळा अजिंक्यपद मिळविले आणि १९६६ मध्ये रसेल स्वतः त्या संघाचे प्रशिक्षक झाले. कूपर यांना अजिंक्यपद कधीच लाभले नाही.

पुढे वर्षभर ते हार्लेम मॅजिशियन्स या फिरत्या संघातून खेळले. एका मोटार अपघातात पाठीला दुखापत झाली आणि खेळ कायमचा सुटला. वय जेमतेम तिशीचे. अशा वेळी पुष्कळ खेळाडू जुन्या टाळ्यांच्या आठवणीवर उरलेले आयुष्य काढतात. कूपर यांनी पुन्हा पुस्तके हाती घेतली आणि मिनेसोटा विद्यापीठातून समाजकार्याची उच्च पदवी मिळविली. मग ते पिट्सबर्गला परतले आणि उरलेले आयुष्य त्यांनी आपल्या गावच्या वस्त्यांसाठी वेचले. १९७० मध्ये ते शहराच्या उद्याने व मनोरंजन खात्याचे प्रमुख झाले. पिट्सबर्गच्या नगरपालिकेत खातेप्रमुखाच्या खुर्चीवर बसलेले ते पहिले कृष्णवर्णीय होत. पुढे पिट्सबर्ग नॅशनल बँकेत नागरी प्रश्नांचे अधिकारी म्हणून त्यांनी काम केले. ज्यांना नोकरीची आणि कर्जाची दारे बंद होती, त्यांच्यासाठी ती उघडण्याचे हे काम होते. वॉल्टर ब्राउन यांनी १९५० मध्ये त्यांच्यासाठी जे केले तेच ते आता इतरांसाठी करीत होते. येथे कोणी त्यांना बाजूला बसविले नाही.

५ फेब्रुवारी १९८४ रोजी, वयाच्या सत्तावन्नाव्या वर्षी, यकृताच्या कर्करोगाने पिट्सबर्ग येथे त्यांचे निधन झाले. बास्केटबॉलच्या कीर्तिमंदिराचा मान त्यांना हयातीत मिळाला नाही. लॉइड यांना तो २००३ मध्ये, क्लिफ्टन यांना २०१४ मध्ये आणि ज्यांचे नाव तिघांत सर्वांच्या आधी पुकारले गेले त्या कूपर यांना सर्वांत शेवटी, २०१९ मध्ये मिळाला. मृत्यूनंतर पस्तीस वर्षांनी. २०२१ मध्ये डुकेन विद्यापीठाने आपले नवे केलेले क्रीडागृह त्यांच्या नावाने खुले केले.

आकड्यांच्या वहीत कूपर यांच्या नावापुढे आजही ६.७ हाच आकडा आहे आणि तो तसाच राहणार. तो त्यांनी काय केले ते सांगतो. त्यांना काय करता आले असते ते सांगत नाही. ज्या संघांतून ते खेळले त्या संघांतील इतरांच्या आकड्यांत मात्र त्यांचा वाटा मिसळलेला आहे, आणि तो वेगळा काढून दाखविण्याची कोणतीच रीत नाही. साथीदाराचे नेहमी असेच होते. फरक इतकाच की, साथ करावयाची की नाही हे कूपर यांना कोणी विचारले नव्हते, आणि न विचारता सोपविलेले ते काम त्यांनी सहा वर्षांत एकदाही बेताल होऊ दिले नाही.